स्वतंत्र टेलिफोनसह

"हॅलो?… हॅलो! कोण, नागपूर? नागपूर का?… मोठ्यानं बोला हो, खरखर येतेय… कोण?… अं?… गंगूबाई?"

मालनबाईंचा जीव घशाशी आला होता, तो तिथूनच मागे फिरला. घंटी वाजल्याबरोबर त्या स्वयंपाकघरातून हात न पुसताच धावत आल्या होत्या. वाटेत भिंतीला टेकून बसलेल्या तुळसाच्या पायाला अडखळल्या होत्या, धाकूच्या पानाच्या चंचीवर पाय देता देता वाचल्या होत्या. एवढं करून उचलून बघतात तर घरमालकीण!

"नाही हो, नाराज कशाला होऊ? मला वाटलं… काही नाही. नागपूरला कोणी नाही आमचं. असंच तोंडातून गेलं… हो, बोला ना."

नागपूरला कोणी नाही, हे वाक्य मालनबाईंना आता पाठ झालं होतं. नागपूरला शरयू होती. पोटची एकुलती एक पोर. दोन वर्षांपूर्वी तिनं शाळेत आपल्याबरोबर शिकवणाऱ्या एका मास्तराशी लग्न केलं, तेही जातीबाहेरच्या, आणि परशुरामपंतांनी गिरगावातल्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर उभं राहून तिला सांगितलं की, आजपासून हे घर तुझं नाही. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत शरयूचं नाव निघालं नव्हतं. माणूस बोलत नाही म्हणून दुखणं थोडंच गप्प बसतं! मालनबाईंचं अन्न तुटलं, चक्कर येऊ लागली, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, यांना महिनाभर हवापालटाला न्या.

जाहिरात परशुरामपंतांनीच आणली. जेवताना वाचून दाखवली. "बाळकुम, ठाण्यानजीक खाडीकाठी, हवाशीर बंगली, गोड्या पाण्याची विहीर, स्वतंत्र टेलिफोनसह." मालनबाईंनी हवा ऐकली नाही, विहीर ऐकली नाही. शेवटचे दोन शब्द तेवढे ऐकले आणि म्हणाल्या, हीच घ्या. मग शेजारणीच्या हातून गुपचूप नागपूरला नंबर कळवला. शरयूचा निरोप आला की, तारघरात जाऊन ट्रंक कॉल लावीन, पण कुठल्या दिवशी जमेल ते सांगता येत नाही, दुपारी फोनजवळ राहा. म्हणजे इकडून तिला फोन करायची सोय नाही. नुसती वाट बघायची.

आणि त्या वाट बघत होत्या. वाट बघता बघता महिना सरला होता. उद्या रविवार, उद्या बंगली सोडायची. आज शनिवार, ऑफिस अर्धा दिवस, म्हणजे परशुरामपंत कुठल्याही क्षणी ठाणे स्टेशनावरून टांग्यात बसून येतील.

"किल्ल्या ना? हो, हो, उद्या सकाळी… नाही, भांडी सगळी आहेत. एक कळशी चेपलीय थोडी, ती आधीपासूनच… बरं, बरं. गंगूबाई, मग ठेवू का मी? नाही, म्हणजे फोन अडून राहतो ना… कुणाचा येणार? कुणाचा नाही… तुम्ही दुकानातून बोलताय का? उत्तमच्या? मग तुमची गिऱ्हाईकं खोळंबली असतील… नाहीत? दुपारचं नौपाड्यात कोणी फिरकत नाही… हो का… बरं."

म्हातारीला आज वेळच वेळ होता. नवरा वारल्यावर गंगूबाई बाळकुमची बंगली भाड्यानं देऊन नौपाड्यात मुलाकडे, उत्तमकडे, राहायला गेल्या होत्या. तिथं सून कामाला हात लावू देत नव्हती आणि मुलगा बोलायला सापडत नव्हता. साहजिकच दुकानातला फोन हाच त्यांचा शेजार झाला होता.

"हवा? हवा चांगली आहे हो. खाडीवरनं संध्याकाळी असा वारा सुटतो… हो, पाणी गोड आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण गंगूबाई, आता तुम्ही विषय काढलाच आहे तर… नाही, राग नाही. ऐका ना. जाहिरातीत तुम्ही काय छापलं होतं? स्वतंत्र टेलिफोनसह. छापलं होतं ना?… आहे हो फोन, नाही कुठं म्हणते मी! फोन आहे. तो स्वतंत्र कुठाय?"

एकदा सुरुवात केल्यावर मालनबाईंना आवरेना. महिनाभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला होता. नवऱ्याजवळ बोलायची सोय नव्हती, कारण फोनची तुला एवढी का पडलीय, असं त्यांनी विचारलं असतं तर उत्तर काय द्यायचं?

"काय झालं म्हणून काय विचारता? अख्खं गाव येतं फोनला! आत्तासुद्धा बसलेत इथं. तुळसाबाई आहेत, धाकू आहे, काळुराम दारात उभा आहे… हो, चपला बाहेर काढतात, कबूल. सभ्य आहेत, कबूल. केळी आणतात, भाजी आणतात… पण येतात ना! सकाळी चूल पेटवायच्या आत धाकू हजर, मिठाच्या होडीचा निरोप द्यायला. मग काळुराम, त्याच्या बांधाचा खटला, वकिलाला फोन. मग तुळसाबाई. त्यांचा आनंदा गोदीत कामाला, तो जेवणाच्या सुट्टीत फोन करतो की नाही ठाऊक नाही, पण त्या दहापासून येऊन बसतात… आणि बोलायला कोणी तयार नाही! यंत्राची भीती वाटते म्हणे. मग बोलायचं कोणी? मी!"

यात काही खोटं नव्हतं. गिरगावातून विश्रांतीला आलेल्या या बाई महिनाभर साऱ्या बाळकुमच्या वतीनं बोलत होत्या. लक्ष्मीच्या बहिणीला कळव्यात मुलगा झाला, ते लक्ष्मीला मालनबाईंनी सांगितलं. काळुरामची पुढची तारीख पडली, तेव्हा वकिलाला चार शब्द मालनबाईंनी सुनावले. धाकूच्या मिठाला पाणी लागलं, तेव्हा व्यापाऱ्याशी घासाघीस मालनबाईंनी केली आणि ती धाकूपेक्षा बरी केली. गाव त्यांच्यावर बेहद्द खूश होतं. आणि या सगळ्या गडबडीत ठाण्याच्या एक्स्चेंजमधली मुलगी एकदा म्हणाली होती, "बाई, मघाशी तुमच्याकडे नागपूरचा ट्रंक कॉल होता. लाइन रिकामी नव्हती, पार्टीनं रद्द केला." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणाली. दुसऱ्या वेळी लाइनवर कोण होतं, तेही मालनबाईंना पक्कं आठवत होतं. त्या स्वतःच होत्या, आनंदाला त्याच्या आईचा गुडघा कसा आहे ते सांगत होत्या.

"हसू नका हो… हसू येण्यासारखं आहे, पण हसू नका. मला भरपाई हवीय. हो, नुकसानभरपाई! छापलं ते दिलं नाही तर… काय?… खांब? कसले खांब?… फोनचे. बरं… हो, बघितलेत की. माजिवड्याकडनं येतात ते… धाकूच्या भातखाचरातून… काळुरामच्या वाडीतून… लक्ष्मीच्या दारात तर आहेच, ती त्याला गाय बांधते… बरं, मग?"

मालनबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मालकांनी शब्द दिला होता… हो… खांब तुमच्या जमिनीत, तर फोन तुमचापण… एकानंही पैसा मागितला नाही… हो… नाही, शब्द तो शब्द. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा… अहो, मला पटतंय! पटतंय म्हणूनच तर पंचाईत आहे. म्हणजे त्यांची भरपाई तुम्ही आधीच देऊन मोकळ्या झालात आणि ती इथं माझ्या पुढ्यात भिंतीला टेकून बसलीय! मग माझी भरपाई मी कुणाकडे मागायची?… पण जाहिरातीत हे लिहायचं नाही का? स्वतंत्र म्हणजे… उत्तमनं लिहिलं? त्याला वाटलं, घरात आहे म्हणजे स्वतंत्रच… छान. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

दारातून काळुरामनं मान पुढे काढून खूण केली, वकील तीनला कोर्टातून निघेल. मालनबाईंनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. बाहेर रस्त्यावर टांग्याची घंटा वाजल्यासारखी वाटली आणि त्यांनी कान टवकारले. टांगा नव्हता, कुणाची तरी म्हैस होती.

"हं, हं, ऐकतेय… मीठ? कुठलं मीठ?… अहो, भरपाई म्हणून मीठ! गोणभर! गिरगावात दोन खोल्या आमच्या, गोणभर मीठ ठेवू कुठं? आणि खाऊ किती जन्म?… नको… बोंबील? नको हो गंगूबाई, आमच्यात चालत नाही… सुकेसुद्धा नाही… वासही नाही चालत… पैसे? नको, पैसेही नकोत. भाड्यातला एक आणा परत नको मला. अहो ऐका ना. अहो, ऐका तरी. मला दिवस द्या. आठ दिवस! आठ दिवस आणखी राहू द्या इथं, की झाली भरपाई. पुन्हा तक्रारीचा शब्द काढणार नाही. आठ दिवस, आणि दुपारचा तेवढा फोन माझा. सकाळी गावाचा, दुपारी माझा… का नाही?"

हे मागणं त्यांनी मनात किती दिवस घोळवलं होतं! नवऱ्याला सांगायला कारणही शोधून ठेवलं होतं, हवा मानवलीय म्हणून. खोटं नव्हतं तेही. अंगावर जरा मांस धरलं होतं. पण पलीकडून जे आलं ते ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पोपटचं लग्न… तुमचा पुतण्या. हो… उद्याच वऱ्हाड येणार… बंगलीतच उतरणार… मांडवाचे बांबू आजच येतील? आज?… किती माणसं?… अगं बाई… मग चार दिवस? वऱ्हाड गेल्यावर?… लगेच गुजराती बिऱ्हाड… त्यांनाही स्वतंत्र टेलिफोन हवाय का! हवाय… बरं. मग मला कोपरा द्या. खरंच सांगते. ओटीवर एक सतरंजी टाकायला जागा द्या, फोन ऐकू येईल इतपत. पोपटच्या लग्नाच्या पोळ्या लाटीन मी… थट्टा नाही करत हो! नाही करत थट्टा…"

आवाज फाटला. स्वतःचा आवाज असा फाटलेला ऐकून मालनबाई दचकल्या. धाकूचं चंचीतली सुपारी शोधणं थांबलं. आणि पलीकडून गंगूबाईंनी तो प्रश्न विचारला, जो महिनाभर कुणी विचारू नये म्हणून त्या जपत होत्या.

"कशाला म्हणजे… असंच. माणसाला लागतो फोन… कुणाचा यायचाय? कुणाचा नाही… नागपूर? मी कुठं नागपूर म्हटलं?… हो, म्हटलं. म्हटलं खरं…"

त्यांनी खोलीकडे पाठ केली, पदर तोंडाशी धरला आणि भिंतीवरच्या पोपडे आलेल्या चुन्याकडे बघत हळू आवाजात बोलायला लागल्या. हळू आवाज काढून काही उपयोग नव्हता. महिनाभर त्या खोलीत बसलेल्यांना मालनबाईंचा फोनवरचा आवाज घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला होता. त्यांनी कुजबुजावं आणि यांनी समजावं, एवढी सवय झाली होती.

"मुलगी आहे माझी. शरयू… हो, नागपूरला. तिच्या बापानं तोडलंय तिला… नाही, वाईट काही नाही केलं. लग्न केलं. तिच्या मनानं… हो. मुलगा चांगला असेल हो, मला काय ठाऊक, मी बघितलाय कुठं? जावई बघितला नाही मी माझा… दोन वर्षं. आवाजसुद्धा नाही… यांना ठाऊक नाही. यांना कळलं तर… दोनदा केला तिनं फोन. दोन्ही वेळा लाइन अडलेली. तिला काय वाटलं असेल, गंगूबाई? तिला वाटलं असेल, आईनंच काढून ठेवला. उद्या गिरगावात गेले की संपलं. तिथं फोन नाही, आणि असता तरी… हो. एवढंच. एवढ्यासाठी घेतली तुमची बंगली. हवेसाठी नाही."

बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट लाज वाटली. मागं वळून बघितलं तर तिघंही उठून उभे राहिले होते. महिनाभर गावानं आपल्या साऱ्या भानगडी या बाईसमोर मोकळ्या केल्या होत्या, बांध, भांडणं, बाळंतपणं, काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ही बाई मात्र स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तुळसानं गुडघ्यावर हात टेकत पुढं येऊन त्यांच्या दंडाला हात लावला.

"बाय, आज आमचा फोन ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुजे पोरीचा येऊ दे."

आणि ती बाहेर जाऊन ओटीवर बसली. तिच्या मागोमाग धाकू गेला. काळुरामनं एकदा घड्याळाकडे बघितलं, मग तोही वकिलावर पाणी सोडून पायरीवर टेकला. ज्यांच्या जमिनीत खांब उभे होते त्यांनी आपला हक्क बिनबोभाट सोडला. आता फोन अडवून ठेवणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"गंगूबाई… गंगूबाई, रडू नका हो… अहो, रडता काय तुम्ही! मी नाही रडत… हो… हो, आईचं काळीज… हो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, खरंय… पण आता ठेवू का मी? लाइन मोकळी… काय? तुमची बहीण?… रंगूबाई. बरं… तिच्या मुलीनंही… हो का… कल्याणला… मग तिच्या नवऱ्यानं विळा काढला? अगं बाई… मग?… हो… हो… आणि ती मुलगी विहिरीच्या काठावर… गंगूबाई, मला सगळं ऐकायचंय हो, पण आत्ता… नाही, ऐकतेय. ऐकतेय."

काय करावं? म्हातारी ओक्साबोक्शी रडत होती. तिनं काही वाकडं केलं असतं, उलट बोलली असती, तर मालनबाईंनी रिसीव्हर आपटला असता. पण आपल्याच दुःखानं दुसऱ्याला रडवायचं आणि त्याचे डोळे पुसायच्या आत फोन ठेवायचा, हे त्यांच्यानं होईना. मायेनं कुणी गळा धरला की सोडवून घेणं फार कठीण. रंगूबाईंची मुलगी अजून विहिरीच्या काठावरच होती आणि इकडे तारघरात शरयू कुठल्याशा बाकावर बसली असेल, कारकून म्हणत असेल, बाई, ठाणे लाइन रिकामी नाही.

"मग काढली का तिला?… उडीच मारली नव्हती होय… बरं झालं… नवस? कुठल्या देवीला?… बोलेन, बोलेन मी नवस… उत्तम? उत्तम काय करणार? नाही, नाही, उत्तमला यांच्या ऑफिसात नका पाठवू! समजूत-बिमजूत काही नको! तुमच्या पाया पडते… गंगूबाई, हे उलटे चिडतील हो… हॅलो? हो, आहे… मी काय म्हणते, तुम्ही आता डोळे पुसा, पाणी प्या, आणि फोन… कोण आलं? उत्तम? त्याला नका सांगू हो! गंगूबाई!… सांगितलंत…"

आता नौपाड्यालाही कळलं. बाळकुमला कळलंच होतं. साऱ्या ठाणे तालुक्यात न कळलेला एकच माणूस राहिला होता आणि त्याचा टांगा दाराशी येऊन उभा राहिला. या वेळी म्हैस नव्हती. घोड्याचं फुरफुरणं, टांगेवाल्याशी दोन पैशांवरून रोजचीच हुज्जत, मग ओटीवरच्या मंडळींना रोजचाच प्रश्न, "ही काय धर्मशाळा आहे?" आणि पायताणांचा आवाज.

मालनबाईंचा स्वर एका क्षणात पालटला.

"हो, हो. पाठवा. मीठ ना? पाठवा की… हो, गोणभर. चालेल… नको कधी म्हटलं? छे छे, हवंय… हो, बोंबीलसुद्धा पाठवा."

उंबऱ्यात टोपी काढत असलेले परशुरामपंत थबकले. त्यांच्या सात पिढ्यांत बोंबील शिरला नव्हता.

"नाही हो, डोकं ठिकाणावर आहे… आता नाही बोलता येत… हो, आलेत… म्हणजे मीठ, मीठ आलंय. आलंय घरात. समोर आहे… हो, आत्ताच… समजलं ना? समजलं. बरं झालं… नाही, त्यांना फोन नाही द्यायचा… म्हणजे मिठाला… गंगूबाई, ठेवा हो आता! हॅलो?… हॅलो, कोण मध्ये बोलतंय? एक्स्चेंज?… काय सोडू? लाइन?… कुणासाठी… हॅलो! गंगूबाई?… हॅलो?"

लाइन तुटली. एक्स्चेंजमधली मुलगी मध्ये घुसून भराभर काहीतरी बोलली होती. 'ट्रंक' एवढं मालनबाईंनी ऐकलं, बाकीचं गंगूबाईंच्या हुंदक्यात बुडालं. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"कुणाचा फोन?" परशुरामपंतांनी विचारलं. रोज घरात पाऊल टाकलं की, पायताणं काढायच्या आधी ते हेच विचारत. कुणाचे फोन आले, आणखी कुणाचा? मालनबाईंना वाटे, हा माणूस ऑफिसात कारकून कशाला झाला, पोलिसात जायला हवा होता.

"गंगूबाईंचा. किल्ल्यांबद्दल."

"आणि बोंबील?"

त्या उत्तर शोधत होत्या, तेवढ्यात घंटी वाजली.

लांब, सलग, थांबायचं नाव न घेणारी घंटी. ओटीवर तुळसा उठून उभी राहिली. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. उचलावा, तर नवऱ्यासमोर लेकीशी बोलायचं काय? आणि न उचलावा, तर पोरगी तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं तारघराच्या पायऱ्या उतरणार, चौथ्यांदा कुठून चढणार? इकडे आड, तिकडे विहीर. महिनाभर ज्या आवाजासाठी कान टांगून ठेवले होते, तो आवाज वाजत होता आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले होते.

परशुरामपंतांनीच हात पुढं केला. फोन उचलायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती, पलीकडे धाकूचा मिठाचा व्यापारीच आहे असं धरून बोलायचं.

"हॅलो? मीठ नाही, मिठाचे मालक इथं राहत ना… हो. बाळकुम. बंगली… कुठनं?"

मग ते थांबले. मालनबाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. कोटाच्या पाठीवर घामाचा डाग होता. तो डाग जराही हलला नाही.

"हो. द्या," ते म्हणाले. "द्या जोडून."

कोण बोलणार आहे, हे त्यांनी विचारलंच नाही.

"हॅलो… हो… मीच… येतोय आवाज. बोल… बोल ना, येतोय म्हटलं… बरी आहे. आता बरी आहे, चक्कर येत नाही. संध्याकाळी खाडीपर्यंत चालते… मी? मला काय धाड भरलीय… दोनदा केलास?… ठाऊक नव्हतं मला. मी विचारायचो रोज… हं… हं… रडू नकोस. तीन मिनिटं मिळतात फक्त, ती काय रडण्यात घालवायची?"

बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. तुळसा, धाकू, काळुराम आणि आता कुठून तरी येऊन मिळालेली लक्ष्मी, चौघं उंबऱ्यावर गर्दी करून उभे होते. महिनाभर या माणसाच्या शिव्या खाऊनही न हटलेली मंडळी. परशुरामपंतांनी रिसीव्हरवर तळवा धरला. ते ओरडले नाहीत.

"जरा बाहेर बसा हो सगळे," ते म्हणाले. "आमच्या घरचा फोन आहे."

मंडळी मागं सरली. परशुरामपंतांनी रिसीव्हर मालनबाईंच्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे करून तेही ओटीवर, त्यांच्यातच जाऊन बसले. रिसीव्हर त्यांच्या कानाच्या उबेनं गरम होता. मालनबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. महिनाभर साऱ्या गावासाठी बोललेल्या त्या बाईला स्वतःसाठी बोलायला शब्द सापडेना.

"हॅलो?" त्या म्हणाल्या. "हॅलो?… हो… हो… अगं, ऐक ना…"